आक्काची नोटीस

सख्ख्या भावाच्या कंपनीला दिवाळखोरीची नोटीस पाठवणारी बहीण आमच्या तालुक्यात तरी मीच पहिली असेन. अजून लोक मला बाजारात थांबवून विचारतात, "काय ओ आक्का, खरंच पाठवलीसा?" पाठवली म्हणजे पाठवली, वर पोचही घेतली. आता तर भाऊ स्वतःच ही गोष्ट चारचौघांत तिखटमीठ लावून सांगत फिरतो. त्यात मी कधी वाघीण असते, कधी डोळ्यांत पाणी आणून सही करते. डोळ्यांत पाणीबिणी काही नव्हतं. म्हणून म्हटलं, एकदा आपणच नीट सांगून टाकावं.

मी निलम मगदूम, माहेरची खोत. धाकटा भाऊ धैर्यशील, घरात धैर्या. हुशार म्हणजे फारच हुशार, परदेशातून जिवाणूंचं शास्त्र शिकून आला आणि कोल्हापूरच्या दक्षिणेला, निपाणी रस्त्याच्या कडेच्या औद्योगिक वसाहतीत 'खोत सायपट' नावाची कंपनी काढली. तिथल्या ट्रे-हॉलची मी मुकादम. चाळीसेक बायका माझ्या हाताखाली आणि त्यातल्या निम्म्या माझ्याच शब्दावर आलेल्या. "भाऊ आहे माझा, बुडवणार नाही," असं मी प्रत्येकीला छातीठोकपणे सांगितलं होतं.

सायपट म्हणजे काय ते सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. दुधावर साय धरते तशी मळीच्या पाण्यावरही धरते, फक्त ती धरवणारे जिवाणू असतात. साखर कारखान्यातली काळी मळी पाण्यात पातळ करायची, पसरट ट्रेमध्ये ओतायची आणि त्यात बियाणं सोडायचं. बियाणं म्हणजेच हे जिवाणू. ते साखर खातात आणि अंगातून केसाहून कितीतरी बारीक धागा सोडत जातात. कोट्यवधी जिवाणूंचे धागे एकमेकांत गुंतले की आठवड्याभरात बोटभर जाड ओली साय तयार होते. ती उचलून, धुऊन, दाबून वाळवली की चामड्यासारखा चिवट पट हातात येतो.

इथवर जगात पुष्कळ जण पोचले होते. धैर्या एक पायरी पुढं गेला. त्यानं जिवाणूंच्या जनुकांत असा बदल केला की वाळवताना सगळे मरत नाहीत, थोडे पटातच झोपून राहतात. पट फाटला की तिथं गुळाचं पाणी शिंपडायचं. झोपलेले जागे होतात, खातात, धागा सोडतात आणि सकाळपर्यंत फाटलेल्या कडा सांधून जातात. ट्रकच्या ताडपत्र्या, शाळेची दप्तरं, पावसाळी बूट, सगळ्याला आमचा पट लागायला लागला. पहिली पाच-सहा वर्षं नुसती धमाल होती.

पण हे जिवाणू भारी लाडावलेले. हवा जरा तापली की रुसायचे, पारा पस्तिशी ओलांडला की माना टाकायचे. सबंध हॉल थंड ठेवावा लागायचा. आणि उन्हाळा तर आता महाशिवरात्रीलाच येऊन बसतो आणि दसऱ्याला हलवलं तरी हलत नाही. विजेचं बिल पगारापेक्षा मोठं झालं. धैर्यानं आधी कर्ज काढलं, मग दुसरं काढलं, मग आमचे पगार थांबवले. बिल नाही भरलं तर जिवाणू मरतात. पगार नाही दिला तर बायका थोड्याच मरतायत, असा त्याचा हिशोब असावा.

असे आठ महिने गेले. संक्रांत झाल्यावर मी त्याच्या केबिनमध्ये शिरले.

"धैर्या, पगाराचं काय?"

"आक्का, पुढच्या महिन्यात नक्की."

"हे तू गणपतीत म्हणालास, दिवाळीत म्हणालास, परवा तिळगूळ घेताना पण म्हणालास."

"माझी अडचण कळत नाही का तुला? आणि घरातलं भांडण असं बाहेर नको गं."

"घरातलं? त्या चाळीस बायका तुझ्या घरातल्या आहेत? मग बोलाव की सगळ्यांना जेवायला. ट्रेवरच्या वर्षा कांबळेनं गॅस सोडून चूल मांडलीय, तिला आधी बोलाव."

तो स्क्रीनकडं बघत बसला. मला कळलं, हा मुलगा संकटात आहे आणि मदत मागायला लाजतोय. आणि हेही कळलं की त्याच्या लाजेपायी आम्ही उपाशी राहणार. दोन्ही गोष्टी एकाच वेळी कळल्या की माणसाला फार राग येतो. मला तर आलाच.

आम्ही पाच-सहा जणी कोल्हापूरला शबाना मुल्लाणी वकीलबाईंकडं गेलो. या बाई बोलायला एवढ्या रोखठोक की पहिल्या भेटीत वाटतं आपणच आरोपी आहोत.

"कामगार न्यायालयात गेलात तर मालकाशी भांडत बसाल," त्या म्हणाल्या. "दुसरी वाट आहे. पगार थकला म्हणजे तुम्ही कंपनीच्या धनको झालात, बँकेसारख्याच. आता कायदा असा आहे की सगळ्या कामगारांची थकबाकी एकत्र धरून दिवाळखोरीचा अर्ज करता येतो. आधी कंपनीला मागणीची नोटीस द्यायची. मुदतीत पैसे आले तर प्रश्न मिटला. नाही आले तर न्यायाधिकरण कंपनी मालकाच्या हातून काढून आपल्या माणसाच्या हातात देतं. तो माणूस कंपनी चालू ठेवून गिऱ्हाईक शोधतो. गिऱ्हाईक मिळालं की तुमचे पगार पुढच्या रांगेत."

"आणि गिऱ्हाईक नाही मिळालं तर?" रुक्सानानं विचारलं. रुक्साना बागवान म्हणजे आमच्या हॉलमधली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात शंकेखोर.

"मग ट्रे, पत्रे, यंत्रं भंगारात जातील आणि जे येईल त्यातून तुकडा मिळेल. धोका आहे, मी नाही कशाला म्हणू? आता सांगा, सगळ्यांच्या वतीनं सही कोण करणार?"

सगळ्या पंख्याकडं बघायला लागल्या. रुक्साना म्हणाली, "आक्का, तू नको करू. तुझं माहेर आहे ते." तिच्या तोंडून हे ऐकलं आणि मला राहवेना. तिचेही आठ महिने थकले होते आणि ती माझ्या माहेराची काळजी करत होती. मी पेन घेतलं आणि सही केली.

नोटीस पोचली त्याच संध्याकाळी धैर्याचा फोन.

"आक्का, तू? मला नोटीस?"

"तुला नाही, कंपनीला पाठवलीय."

"मीच कंपनी आहे."

"तिथंच तर चुकतोयस तू."

तो म्हणाला, "आता माझ्या दारात पाऊल टाकू नकोस," आणि फोन ठेवला. आई-बाबा गेल्यापासून माहेर म्हणजे तो एकटाच. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला घेतली, घासलेलीच पुन्हा घासली. आमचे हे दारातून म्हणाले, "तळ गेला की त्या पातेल्याचा." मी म्हटलं, जाऊ दे.

मुदत संपली, पैसे आले नाहीत, पण उत्तर आलं. वकीलबाईंनी फोन करून मला मुद्दाम बोलावून घेतलं.

"तुमचा भाऊ वेडा आहे की भला आहे?" त्या म्हणाल्या. "बाकीचे मालक काय करतात माहीत आहे? काम खराब होतं, पट वाया गेले, म्हणून पगार देणं लागत नाही, असा वाद उकरून काढतात. वाद आहे म्हटलं की अर्ज तिथंच लटकतो. यानं एका ओळीत लिहिलंय, थकबाकी मान्य आहे, कामाबद्दल कसलीही तक्रार नाही."

मला इतकं भरून आलं की काय सांगू. फोन करावासा वाटला, पण पाऊल टाकू नको म्हणणाऱ्याला फोन तरी कसा करायचा? नाही केला.

न्यायाधिकरण आता पूर्वीसारखं रेंगाळत नाही. कागदांची छाननी यंत्रं करतात, माणसं फक्त निकाल देतात. होळीच्या सुमारास अर्ज मंजूर झाला आणि पुण्याहून वेदांत पेंढारकर नावाचे गृहस्थ कंपनी ताब्यात घ्यायला आले. तरुण, नीटनेटके, आणि नाक इतकं नाजूक की आमच्या हॉलच्या आंबूस वासानं दारातच सात-आठ शिंका दिल्या. पण माणूस कामाचा. पहिल्याच दिवशी त्यांनी बायकांना सांगितलं, "आजपासून ज्या दिवशी काम, त्या दिवसाचा पगार आठवड्याच्या शेवटी. जुने पैसे मात्र गिऱ्हाइकावर अवलंबून." आणि दिला की हो त्यांनी आठवड्याच्या शेवटी.

धैर्याला कंपनीत यायची परवानगी होती, पण तो आला नाही.

महिन्याभरात पेंढारकर साहेबांचा चेहरा उतरला. थंड हवा त्यांना परवडेना. निम्मी यंत्रं बंद केली तर बियाणं मंदावलं, साय कागदासारखी पातळ धरायला लागली. जे कोणी गिऱ्हाईक यायचं ते विजेचं बिल बघायचं आणि चहा न घेताच जायचं.

"मॅडम," ते मला म्हणाले, "या कंपनीत विकण्यासारखं फक्त बियाणं आहे, आणि बियाण्याला उन्हाळा सोसत नाही. मला लवकरच भंगाराचा अहवाल द्यावा लागेल."

मी हॉलच्या मागच्या पायरीवर जाऊन बसले. माहेरही गेलं, पैसेही गेले आणि माझा शब्दही गेला, असं वाटत होतं. जेवणाची सुट्टी झाली, बायका डबे घेऊन आल्या, पेंढारकरही आपला डबा घेऊन आमच्यातच बसायचे. रुक्सानाच्या पटाच्या पिशवीचा बंद सकाळी तुटला होता. तिनं तो जोडून गुळाचं पाणी लावून उन्हात ठेवला होता. जेवताना तिनं पिशवी सहज ओढून घेतली आणि बंद पकडून वर उचलली.

पेंढारकरांचा घास हातातच राहिला. "हा बंद सकाळी तुटला होता ना?"

"हो."

"म्हणजे चार तासांत सांधला? आणि ते पण या उन्हात? आपलं बियाणं तर या उन्हात मरायला टेकलंय."

रुक्सानानं पिशवी मागं सरकवली. साहेब हुशार होते. त्यांनी डबा बंद केला, सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि शांतपणे विचारलं, "हे बियाणं कुठलं आहे?"

आता हे सांगायलाच हवं. कंपनीच्या फाटकावर मोठी पाटी होती, बियाणं बाहेर नेणं गुन्हा आहे. कामाला लागताना तशी सहीही घेतलेली. पण आमच्याकडं विरजण कधी कुणी विकत घेतलंय का? दही संपलं तर शेजारणीकडं वाटी घेऊन जायचं, आणि नाही म्हणणारी बाई अजून जन्माला आली नाही. फार वर्षांपूर्वी रुक्सानानं छताची ताडपत्री सांधायला म्हणून सायीचा तुकडा डब्यातून घरी नेला, बरणीत गुळाच्या पाण्यात ठेवला. तिच्याकडून वर्षानं वाटीभर नेलं, वर्षाकडून मी. असं करता करता चाळीसही घरांत बरण्या झाल्या, त्याच सायीच्या पिशव्याही झाल्या. फाटकावर पिशव्या तपासणाऱ्या वॉचमनच्या बायकोकडंही होती. आम्ही त्याला बियाणं म्हणतच नव्हतो, विरजणच म्हणायचो. चोरी केली असं आमच्यापैकी एकीलाही, खरंच सांगते, कधी वाटलं नव्हतं.

त्या पायरीवर बसून मात्र वाटलं. मी सगळं सांगून टाकलं.

पेंढारकर म्हणाले, "कंपनीची मालमत्ता जिथं असेल तिथली यादीत घालणं माझं काम आहे. मला हे लिहावंच लागेल. तुम्ही वकिलांशी बोला."

वकीलबाई आधी हसल्या आणि मग गंभीर झाल्या. "बियाण्याचं पेटंट कंपनीचं नाही, तुमच्या भावाच्या स्वतःच्या नावावर आहे. कंपनीला त्यानं फक्त वापरायला दिलंय. तक्रार करायची की नाही ते त्याच्या हातात. चाळीस बायकांवर गुन्हा दाखल होऊ शकतो, आक्का. अर्ज करणारी म्हणून पहिलं नाव तुमचं."

रुक्साना म्हणाली, "बरण्या ओतून टाकू. कुणी बघितलंय?"

"आणि पगार?"

"पगारापेक्षा पोलीस वाईट."

तिचं काही चुकत नव्हतं. पण त्या बरण्यांत जर खरंच उन्हाळा सोसणारं बियाणं असेल, तर ते मोरीत ओतून आम्ही भंगाराचा तुकडा घेऊन घरी जायचं? मी म्हटलं, "एक दिवस थांबा." आणि सकाळी माझी बरणी पदराखाली धरून मी धैर्याच्या दारात गेले.

त्यानं दार उघडलं. दाढी वाढलेली, अंगात तोच मळका सदरा. माझ्याकडं बघून त्यानं तोंड उघडायच्या आत मी बरणी त्याच्या हातात कोंबली.

"हे तुझं बियाणं. सात वर्षं माझ्या स्वयंपाकघरात आहे. आमच्या सगळ्यांच्याच आहे. चोरी म्हण, काय म्हणायचं ते म्हण, पोलिसांत दे. पण आधी उघडून बघ."

तो भडकणार असं वाटलं होतं. त्यानं झाकण काढलं, वास घेतला, बोट घालून साय उचलून बघितली. जाड, घट्ट साय होती. त्यानं विचारलं, "स्वयंपाकघरात कुठं ठेवतेस?"

"शेगडीच्या वरच्या फळीवर. दुसरीकडं जागा कुठं आहे?"

"किती तापतं तिथं?"

"हात लावून राहवत नाही एवढं."

"आणि मेलं नाही?"

"उन्हाळ्यात मरतं की बरंचसं. वरचं काळं पडतं. खालचं जिवंत असतं ते घ्यायचं आणि नव्या गुळाच्या पाण्यात टाकायचं. विरजणाचं असंच असतं."

धैर्या तिथंच उंबऱ्यावर बसला. मला वाटलं चक्कर आली. तर तो हसत होता. गेल्या वर्षात मी त्याला हसताना बघितलं नव्हतं.

"आक्का, बघ ना," तो म्हणाला. "मी काय करत होतो? बियाणं बिघडू नये म्हणून दर महिन्याला फ्रीजरमधल्या मूळ नळीतून नवीन काढायचो. म्हणजे माझं बियाणं सात वर्षं त्याच जागी उभं. थंडीत जन्मायचं, थंडीतच संपायचं. उन्हाची ओळखच नाही त्याला. तुमच्याकडं मात्र दर उन्हाळ्यात नाजूक होते ते मेले आणि सोसणारे उरले. त्यांचीच पोरं पुढच्या बरणीत. जिवाणूंच्या दिवसभरात कितीतरी पिढ्या होतात. सात वर्षांत माणसाच्या हिशोबानं पार अश्मयुगापासून आजपर्यंतचा काळ झाला असेल."

मग एकदम त्याचा चेहरा पडला. "पण सांधण्याचा गुण? तो मी बाहेरून घातलाय. झोपून राहायचा जिवाणूला स्वतःला काही फायदा नाही. इतक्या पिढ्यांत तो गळून पडला असणार."

"का पडेल? न सांधणारं विरजण कोण ठेवेल घरात? ज्या पटानं पिशवी चांगली सांधली त्याचाच तुकडा आम्ही पुढं ठेवतो. पाणचट दह्याचं विरजण कोणी लावतं का?"

तो आत जाऊन चप्पल घालून आला. "चल, सगळ्यांच्या घरी चल."

"आणि तक्रार?"

"कसली तक्रार?"

मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. लहानपणापासूनची सवय, राग आला तरी धपाटा आणि आनंद झाला तरी धपाटा.

दोन दिवस आम्ही घरोघर फिरलो. धैर्या प्रत्येक घरात जाऊन बरणी कुठं ठेवता, काय खायला घालता, विचारत होता. कुणी उरलेला चहा घालत होती, कुणी उसाचा रस, एकीनं तर दिवाळीत उरलेला चिरोट्याचा पाक घातलेला. बायका आधी घाबरून दाराआड व्हायच्या आणि मग सांगायला लागल्या की थांबायच्या नाहीत. वर्षा कांबळेच्या घरात, पत्र्याखाली, चुलीला लागून बरणी होती. तिथं आम्हाला उभं राहवत नव्हतं. धैर्यानं साय बघितली आणि म्हणाला, "वर्षाताई, ही सगळ्यात जाड आहे." मग त्याचं लक्ष चुलीकडं आणि शेजारच्या बंद शेगडीकडं गेलं.

सगळ्या बरण्या हॉलमध्ये आल्या. शास्त्रज्ञ लोक बियाण्याला आकडे देतात, धैर्यानं प्रत्येक ट्रेवर बाईचं नाव लावलं. पेंढारकरांनी उरलीसुरली थंड हवाही बंद केली. एप्रिलचं ऊन पत्र्यातून आत ओतत होतं, साहेब घामानं निथळत होते, शिंकत होते आणि दर तासाला ट्रे बघायला येत होते. आठवड्यानं साय उचलली. काही ट्रे वाया गेले. माझाही गेला, आणि त्यावरून बायकांनी माझी जी चेष्टा केली ती अजून चालू आहे. पण वीसेक ट्रे छान धरले आणि 'वर्षा'वरची साय तर दोन्ही हातांनी उचलावी लागली.

पट वाळला. धैर्यानं मध्यावर कात्रीनं टर्रकन कापला, गुळाचं पाणी शिंपडलं आणि आम्ही सगळे गोल करून उभे राहिलो. चहा आला, थंड झाला, कुणी घेतला नाही. दुपार कलली तेव्हा पेंढारकरांनी दोन टोकं धरून पट ओढला. मग जोर लावून ओढला. मग माझ्या हातात एक टोक दिलं आणि आम्ही दोघांनी ताणला. पट काही सुटेना. रुक्सानानं टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि वर्षा रडायला लागली. कुणीतरी फोनवर लेझीमची गाणी लावली आणि त्या भट्टीसारख्या हॉलमध्ये आम्ही सगळ्या नाचलो. पेंढारकर साहेब पण नाचले, अगदी बेताल.

पुढचं पटापट झालं. थंड हवेचं बिलच नाही म्हटल्यावर कंपनी फायद्याची दिसायला लागली. तीन जणांनी बोली लावली. 'श्रमसुधा' सहकारी साखर कारखान्याची बोली सगळ्यात चांगली ठरली, कारण त्यांच्याकडं मळी घरचीच होती. कामगारांची सगळी थकबाकी आधी, मग बँक, असं त्यांनी लिहून दिलं. धैर्यानं पेटंट वापरायला देताना एकच अट घातली, की प्रत्येक कामगाराला घरी विरजण ठेवायचा हक्क राहील. कारखान्याच्या वकिलांना ही अट कशासाठी ते कळेना. पेंढारकरांनी त्यांना तासभर समजावलं. कंपनीचं बियाणं एका फ्रीजरपेक्षा चाळीस स्वयंपाकघरांत जास्त सुरक्षित आहे, हे त्यांनाच आता सगळ्यात जास्त पटलेलं होतं.

पैसे जमा झाले त्या दिवशी हॉलमध्ये एकापाठोपाठ एक फोन वाजत होते. प्रत्येक फोनला एक आरोळी. माझा तेवढा वाजला नाही. मी माजी मालकाची बहीण, म्हणून माझा दावा वेगळा तपासायचा होता म्हणे. मी पेंढारकरांना म्हटलं, "भाऊ बोलत नव्हता तेव्हा नातं कुठं गेलं होतं? पैसे द्यायच्या वेळी बरं आठवलं." ते हात जोडत म्हणाले, "आक्का, चार दिवस." पहिल्यांदाच त्यांनी मला मॅडम सोडून आक्का म्हटलं, म्हणून मी ऐकून घेतलं. चार दिवसांत खरंच आले. रुक्सानानं सगळ्यांना तांबडा-पांढरा रस्सा खायला घातला आणि वर्षानं गॅस परत घेतला.

धैर्याची कंपनी गेली. श्रमसुधानं त्याला बियाण्याच्या विभागाचा प्रमुख म्हणून पगारावर ठेवलं. मला भीती होती, मालक होता, आता हाताखाली काम करेल का? पण तो तर रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन ट्रे बघत बसायचा. वसुलीवाल्यांचे फोन नाहीत, बँकेच्या चकरा नाहीत. वजन वाढलं त्याचं.

मग नव्या महिन्याच्या सुरुवातीला, रविवारी दुपारी, तो तणतणत माझ्या घरी आला. चप्पल एक इकडं, एक तिकडं.

"आक्का, त्या मुल्लाणी वकीलबाईंचा नंबर दे."

"का? काय झालं?"

"दोन दिवस झाले, पगार नाही. अध्यक्ष दौऱ्यावर आहेत म्हणे, सही राहिलीय. माझा हप्ता आहे उद्या, मुलांच्या शाळेची फी भरायचीय, दुकानदाराला काय सांगू मी? यांच्या दौऱ्यासाठी माझं घर थांबणार आहे का? काम करून घेताना बरी सही लागत नाही यांना. नोटीस कशी काढायची ते तरी सांग."

मी आधी तोंड दाबून धरलं. मग जे हसू फुटलं ते आवरेना. खाली बसून हसले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आमचे हे आतून धावत आले, काय झालं म्हणून. धैर्या आधी भयंकर चिडला. "तुला गंमत वाटतेय? दोन दिवस," असं म्हणाला आणि मध्येच थांबला.

तो खुर्चीत बसला. त्या बायकांच्या घरी तो गेला होता, चूल बघितली होती, बरण्या बघितल्या होत्या, पण हे त्यानं कुणालाच कधी विचारलं नव्हतं. आता हळूच विचारलं.

"आक्का, तुम्ही आठ महिने कसे काढले गं?"

माझं हसू थांबलं. मी त्याच्या समोर बसले आणि पहिल्या महिन्यापासून सांगायला लागले. कुणी कुणाकडून पीठ आणलं, कुणाच्या पोराचं ट्यूशन सुटलं, रुक्साना दुखरा दात घेऊन किती महिने कामावर येत होती, सगळं सांगितलं. संध्याकाळ झाली, मी भाकरी थापायला उठले, तर तोही स्वयंपाकघरात आला, ओट्याला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "मग? नंतर काय झालं? सांग की."